गुडघ्यामागची खळगी

पट्टी बांधून घेताना माझी ताई खाली कधीच बघायची नाही. बाकावर पाय लांब करायची, पाठ भिंतीला टेकवायची आणि टीममधल्या बाकीच्या पोरींची झाडाझडती घेत बसायची. "शिडी, नाडी बांध. वकील, आज रेफरीशी एक शब्द बोललीस तर याद राख. चिमणी, काही खाल्लंस का?" पाय माझ्या मांडीवर, पण त्या पायाशी आपला काही संबंधच नाही असा तिचा चेहरा. नऊ वर्षं मी तो उजवा गुडघा बांधला. नऊ वर्षांत तिनं एकदाही मान खाली घालून मी काय करतेय ते पाहिलं नाही.

आणि बघायची गरजही नव्हती म्हणा. आमच्या औषधांच्या कारखान्यात मी बाटल्यांना लेबलं लावायच्या मशीनवर आहे. पट्टी किती ताणली की सुरकुती पडते आणि किती सैल सोडली की सुटते, हे माझ्या बोटांना कळतं. त्यात डोकं वापरावं लागत नाही हे बरंच आहे, कारण माझं डोकं बहुतेक वेळ तापलेलंच असतं. ताई त्याच कारखान्यात बाटल्या तपासते. पांढऱ्या उजेडासमोर बाटली उलटी धरायची, औषधात कण दिसतो का, केस दिसतो का ते बघायचं आणि दिसला की बाटली बाजूला काढायची. आठ तास, उभ्यानं. तिच्या नजरेतून कण सुटत नाही असं सगळा कारखाना म्हणतो. फक्त माझ्या हाताखाली पाय दिला की ती नजर दुसरीकडे असायची.

गुडघा बांधायचा एक नियम आहे. वाटीच्या वर बांधा, खाली बांधा, दोन्ही बाजूंनी आडवी-तिरपी पट्टी न्या, पण गुडघ्यामागची खळगी मोकळी ठेवा. तिथून रक्त खाली जातं. तिथे पट्टी आवळली तर पळणाऱ्या माणसाचा पाय पंधरा मिनिटांत बधिर होतो. हे मला टीममध्ये सगळ्यात चांगलं माहीत होतं. म्हणून जे झालं ते चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही.

आमच्या कारखान्याची बायकांची बास्केटबॉल टीम होती. अकरा वर्षं ताई तिची कॅप्टन. तिचा नेम काही डोळे दिपवणारा नव्हता. उंची बेताची, वय सदतीस. पण बॉल रेषेबाहेर निघाला की ती त्याच्यामागे झेपावायची. मिळण्यासारखा असो की नसो. अर्ध्या वेळा ती पहिल्या रांगेतल्या लोकांच्या मांडीवर जाऊन पडायची, त्यांची माफी मागायची आणि उठून आमच्याही आधी आपल्या बाजूला पोचलेली असायची. तेव्हा आपण नुसतेच उभे आहोत याची लाज वाटायची. आमची सगळी टीम त्या लाजेवर पळायची. ताईला जोर आला की आम्हाला जोर यायचा. ताई तापानं घरी राहिली त्या एका दिवशी आम्ही तळाच्या टीमकडूनही मार खाल्ला होता आणि आपण मंद खेळलो हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

लक्षात आलं ते फक्त मास्तरांच्या. मास्तर म्हणजे आमचे कोच. बॉयलरवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. प्रेशरच्या काट्याकडे बघायची सवय गेली नव्हती, म्हणून ते आमच्याकडे बघायचे. मॅच संपली की कपडे बदलायच्या खोलीतल्या फळ्यावर ते प्रत्येकीच्या नावापुढे दहापैकी एक आकडा लिहायचे. किती बास्केट केल्या त्याचा नाही, किती जीव ओतला त्याचा. आणि त्यात मास्तरांची एक खोड होती. सरासरी बिरासरी नाही. चार क्वार्टरपैकी ज्यात तुम्ही सगळ्यात कमी पळालात, तोच तुमचा आकडा. "बॉयलर तीन तास नीट चालला आणि चौथ्या तासाला फुटला, तर तो चांगला बॉयलर का?" असं विचारायचे. यावर वकीलसुद्धा गप्प बसायची, आणि वकील हे नाव तिला उगाच पडलेलं नव्हतं.

माझा आकडा पाच, सहा. कधी चार. ताईचा दहा. अकरा वर्षं, दर मॅचला, दहा. तो आकडा मास्तर आधीच लिहून मोकळे व्हायचे आणि मग आमच्याकडे वळायचे.

त्या मोसमात आम्ही तळाला आलो. शेवटची मॅच बँकेच्या टीमशी. जिंकलो तर पहिल्या गटात राहणार, हरलो तर खाली. कारखान्याच्या साहेबांनी ताईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की टीम खालच्या गटात गेली तर ती ठेवण्यात अर्थ नाही, आणि टीम नाही तर टीमच्या जागाही नाहीत. टीमच्या जागांवर, म्हणजे खेळण्यासाठीच दिलेल्या तात्पुरत्या नोकऱ्यांवर, चौघी होत्या. शिडी, वकील, चिमणी आणि जिला आम्ही पोलीस म्हणायचो ती, कारण एकदा कुणाच्या मागे लागली की पिच्छा सोडायची नाही. मी आणि ताई कायम नोकरीत होतो. आमचं काही बिघडणार नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ताईला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर लावला. ताईनं तो बाटली तपासावी तसा तपासला. गुडघ्यातली गादी संपली होती, हाडावर हाड घासत होतं. "आत्ता थांबलात तर चालाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी एक मॅच अशी खेळलात, तर मला नंतर विचारू नका."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. मी दहा वर्षांची होते आणि ताई चौदाची, तेव्हापासून माझ्या वेण्या, माझे डबे, माझी आजारपणं, सगळं तिनं काढलं. त्या महिन्यात मी सकाळी स्वयंपाकघरातून ऐकायची, ती जिना उतरताना एकेक पायरी किती वेळ घेते ते. एकदा दार उघडून पाहिलं तर ती उलटी उतरत होती. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, दोन्ही हातांनी कठडा धरून, लहान मूल उतरतं तशी. मला पाहून हसली. "असं बरं पडतं गं," म्हणाली.

"नको खेळूस," मी म्हटलं. हजारदा म्हटलं असेल. "त्या चौघी तुझ्या कोण लागतात?"

"मी आणलंय त्यांना. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांना सांगून. चिमणीची आई काय म्हणाली होती माहितीये? तुमच्या भरवशावर पाठवते."

"आणि तुझ्या पायाचं काय?"

"पाय माझा आहे."

"उचलायला मी लागणार आहे!" मी ओरडले. ताटली आपटली. ती उठली, तुकडे गोळा करायला खाली वाकली आणि तिला वाकता येईना. अर्ध्यातच थांबली. त्या क्षणी मी ठरवलं.

माझा हिशेब सरळ होता. पट्टी खळगीवरून न्यायची. पहिला क्वार्टर ती खेळेल, दुसऱ्यात पाय बधिर होईल, मास्तर तिला बाहेर घेतील. पाय सोडला की तासाभरात पूर्ववत. गुडघा वाचेल. आणि ताई बाकावर बसलेली पाहून पोरी उलट पेटून उठतील, तिच्यासाठी जिवाचं रान करतील. असं मला खरंच वाटलं होतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

मॅच दुपारी होती. खोलीत ताईनं पाय माझ्या मांडीवर टाकला आणि पोरींकडे तोंड केलं. चिमणीला पाणी प्यायला लावलं. पोलीसला सांगितलं, बँकेच्या सात नंबरला चिकट. मी पट्टी खालून वर आणली, वाटीला वळसा घातला आणि खळगीवरून ताणून घेतली. एकदा. मग आणखी एकदा.

"आज घट्ट बांधतेयस का गं?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"सुटू नये म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि उभी राहिली.

पहिला क्वार्टर आमचा. मीही त्यात नेहमीपेक्षा जास्त पळाले. अठरा-चौदा. ताई दोनदा रेषेबाहेर झेपावली, एकदा बॉल मिळाला, आणि शिडीनं तो थेट रिंगमध्ये टाकला. प्रेक्षकांत आमच्या कारखान्याच्या बायका होत्या, त्यांनी बाकं वाजवली.

दुसऱ्यात तीनेक मिनिटं झाली असतील. बॉल आमच्या बाजूनं रेषेकडे निघाला. ताईच्या हाताच्या अंतरावर. ती गेली नाही. एक पाऊल टाकलं आणि थांबली. बॉल बाहेर गेला, भिंतीला लागला. एवढंच. पण मी आमच्या पोरींचे चेहरे पाहिले. पोलीस तिच्या सात नंबरपासून दोन पावलं मागे राहिली. शिडीनं रिबाउंडला उडी मारली ती टाचा उचलल्याइतकीच. कुणी मुद्दाम केलं नाही. त्यांना कळतच नव्हतं. ताई दमली म्हणजे दमायची वेळ झाली, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

आणि मास्तरांनी तिला बाहेर काढलं नाही. माझा हिशेब तिथे कोसळला. मास्तर उभे राहिले, त्यांनी बदली खेळाडूकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि परत खाली बसले. अकरा वर्षांत त्यांनी ताईला कधी बाहेर घेतलंच नव्हतं. ते कसं करायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि ताई स्वतःहून निघणारी नव्हती. तिला वाटलं, गुडघा गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली वेळ आली. म्हणून ती तोंड मिटून, पाय फरफटत, मैदानावर नुसती हजर राहिली.

मग मी पळाले. आयुष्यात पळाले नव्हते तशी. ताईच्या वाटचं, शिडीच्या वाटचं, सगळ्यांच्या वाटचं. रेषेबाहेर झेपावले, कोपर सोललं. उठून पाहिलं तर कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. माझ्या पळण्यानं कुणाला लाज वाटेना. लाज वाटायला ती ताईच लागायची. टाइम-आउट झाला तेव्हा सांगता आलं असतं, ताई, खाली बस, पट्टी काढ. माझी जीभ रेटली नाही. क्वार्टर संपला. पाच-एकवीस. एकूण बारानं मागे.

मध्यंतरात ताई कोपऱ्यात बसली आणि हळूच म्हणाली, "पाय जागेवर नाही गं. झोपलाय. खालचं काही कळत नाही." तिचे ओठ पांढरे पडले होते. मी कात्री घेतली. पट्टी कापली, सोलून काढली. गुडघ्यामागे लाल-निळा चर पडला होता, बोट बसेल एवढा खोल.

ताईनं खाली पाहिलं. पहिल्यांदा. मग पट्टीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. औषधातला कण तिला दिसला.

"खळगीवरून नेलीस," ती म्हणाली.

मी कात्री खाली ठेवली.

"दोनदा."

"ताई, तुझा पाय..." मला रडू फुटलं. "तुझ्या पायासाठी गं. मला दुसरं काही सुचलं नाही."

तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते. तिनं कापलेली पट्टी माझ्या हातातून घेतली, मुठीत चुरगळून बाकावर टाकली आणि पाय परत माझ्या मांडीवर ठेवला. "परत बांध. नीट. वेळ नाही."

"नाही बांधणार."

"मग चिमणीकडून बांधून घेते. तिला येत नाही, गुडघा पाच मिनिटांत जाईल. बघ तूच."

मी बांधला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. खळगी मोकळी. बांधताना मी तिच्या पायावर रडत होते आणि पट्टी ओल्या कातड्याला चिकटत नव्हती, म्हणून मला रडणंही थांबवावं लागलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय परत यायला वेळ लागला, मुंग्या, वेदना, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही अकरानं मागे. चौथा सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला बॉल बाहेर निघाला, आणि ताई त्याच्या मागे गेली. बाकं ओलांडून. कुणाचं तरी पाणी सांडलं. ती उठली, लंगडत मागे धावली. आणि बटण दाबल्यासारखी टीम जागी झाली. पोलीसनं सात नंबरला श्वास घेऊ दिला नाही. शिडी रिंगला लटकायचीच बाकी होती. चिमणीनं ओळीनं तीन बास्केट टाकल्या, आणि दर वेळी मागे वळून ताई बघतेय ना ते पाहिलं. नऊचा फरक, सहाचा, तीनचा. वीस सेकंद उरली असताना एकचा.

शेवटचा बॉल ताईच्या हातून निसटून रेषेकडे गेला. ती झेपावली. मला तो आवाज ऐकू आला. वाळकी फांदी मोडल्यासारखा. बॉल तिनं आत ढकलला, शिडीच्या हातात पडला, शिडीनं टाकला. रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी.

अठ्ठावन्न-एकोणसाठ. एका गुणानं.

दोघी-तिघींनी ताईला उचलून खोलीत आणलं, गुडघ्यावर बर्फ ठेवला. चिमणी भिंतीकडे तोंड करून उभी होती. आणि मास्तर नेहमीप्रमाणे फळ्याकडे गेले. मला वाटलं, आज तरी नाही लिहिणार. पण ते लिहिल्याशिवाय त्यांची मॅच संपत नसे. त्यांनी आधी आमची नावं घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ताई शेवटी. माझ्या नावापुढे त्यांनी नऊ लिहिला. मग ताईच्या नावापुढे खडू टेकवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेवटी लिहिलं. तीन.

"सगळ्यात कमीचा क्वार्टर," ते फळ्याकडे बघतच म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

"बरोबर आहे मास्तर," ताई म्हणाली.

चिमणी वळली. "आजच ताई? अकरा वर्षांत आजच दमायचं होतं?"

"वय झालं गं पोरी."

"खोटं आहे!" मी उठले. "तिचा पाय बधिर झाला होता. मी केला. मी पट्टी खळगीवरून आवळली. मुद्दाम. तिनं बाहेर यावं म्हणून. तो तीन माझा आहे, मास्तर, पुसा तो!"

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वकील थकलेल्या आवाजात म्हणाली, "बहीण आहेस, आम्ही समजू शकतो. पण आता कशाला सारवासारव?"

"सारवासारव नाही! पट्टी दाखवते!" मी बाकावर शोधलं, कचऱ्याची टोपली उपडी केली. पट्टी नव्हती. मी ताईकडे पाहिलं. तिची मूठ मिटलेली होती.

"तिचं ऐकू नका," ताई म्हणाली. "लहानपणापासून माझे आरोप अंगावर घेते."

हे साफ खोटं होतं. आयुष्यभर माझेच आरोप तिनं अंगावर घेतले होते. शिडीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बसवलं, वेड्या माणसाला बसवतात तसं.

मास्तरांनी फळा पुसला नाही.

महिनाअखेरीला चौघींच्या जागा गेल्या. शेवटच्या दिवशी चिमणी माझ्या मशीनपाशी आली. ताईकडे ती गेली नाही. "तू मात्र पळालीस गं," ती मला म्हणाली. "सगळ्यांत तूच एकटी पळालीस." मी तोंड उघडलं, परत सगळं सांगितलं. तिनं माझा हात दाबला आणि निघून गेली.

ताईचं ऑपरेशन झालं. पाय पूर्ण वाकत नाही, वाकणारही नाही. कारखान्यानं तिला बाटल्या तपासायला एक स्टूल दिलं. तिथल्या बायका अजून म्हणतात, शेवटच्या मॅचला कॅप्टननं कच खाल्ली. तिच्या पाठीमागे म्हणतात, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"का नाही सांगू दिलंस?" मी तिला घरी विचारलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

"माझं काय गेलं? म्हातारी झाली म्हणतील. सगळ्याच होतात. तुला तिथे अजून पंचवीस वर्षं काढायचीत. चार पोरींच्या पोटावर पाय देणारी म्हणून काढणार आहेस?"

"मग तू मला माफ केलंस?"

तिनं गॅसकडे हात केला. म्हणाली, "दूध उतू जातंय बघ."

जिना उतरायच्या आधी मी रोज सकाळी तिचा गुडघा बांधते. पलंगाच्या कडेला बसून ती पाय माझ्या मांडीवर ठेवते. वर, खाली, वाटीच्या दोन्ही बाजूंनी. खळगी मी इतकी मोकळी ठेवते की पट्टी दुपारपर्यंत सैल होते. ती मला कधी टोचून बोललेली नाही. हसते, भाजीचं विचारते, माझ्या मशीनवरच्या पोरींची चौकशी करते. फक्त मी पट्टी मागे न्यायला लागले की तिचं बोलणं थांबतं. ती मान खाली घालते, आणि पट्टी पुढे येईपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहते.